हबेस म्हणणाऱ्यांची नावं: रॉयल बॉम्बे यॉट क्लबला एक खुलं पत्र

प्रति,
मा. कमोडोर आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
रॉयल बॉम्बे यॉट क्लब,
अपोलो बंदर, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या क्लबाचा सभासद नाही. कुणाचा पाहुणा म्हणूनही कधी आत पाऊल टाकलेलं नाही. तरी ओळख जुनी आहे, एका बाजूची का होईना. बँकेतल्या नोकरीची एकतीस वर्षं मी मांडवा ते गेटवे असा लाँचने आलो-गेलो. पावसाळ्यात लाँच बंद झाली की पेण-पनवेलमार्गे एस.टी., आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा डोळे समुद्राकडे. लाँच बंदराला लागायला आली की समोर कमान, डावीकडं ताज आणि उजव्या अंगाला तुमच्या इमारतीची उतरती छपरं. त्या छपरांखाली काय चालतं याचं कुतूहल मला फारसं कधी वाटलं नाही. मला कुतूहल होतं ते पाण्यावरच्या तुमच्या होड्यांचं.

शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दुपारच्या लाँचवर वरच्या मजल्यावर जागा मिळाली, की दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत शिडांच्या शर्यती हमखास दिसायच्या. पाच-सात पांढरी शिडं, सगळी एका अंगाला कलंडलेली, आणि त्या कलंडलेल्या होडीच्या वरच्या काठावर पाण्याबाहेर लोंबकळणारी माणसं. नवखे प्रवासी विचारायचे, ‘अहो, या होड्या अशा नागमोडी का चालल्यात? सरळ का जात नाहीत?’ मग आमच्यासारख्या रोजच्या प्रवाशांपैकी कुणीतरी शहाणपण सांगायचं, की जिकडून वारा येतो तिकडं शिडाची होडी सरळ जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या तोंडात धरलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी जागच्या जागी उभी राहते. म्हणून थोडं या कुशीवर, थोडं त्या कुशीवर, असं करत वर चढायचं. माझे आजोबा हेच फार थोडक्यात सांगत. ‘वाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. कडेकडेनं जायचं.’

या पत्राचं कारण हे आजोबाच आहेत.

ते रेवसच्या बाजूचे. तरुणपणी, म्हणजे इंग्रजांच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत, ‘पालव्यावर’ खलाशी होते. पालवं म्हणजे तुमचं अपोलो बंदर. ग्रीक देवाचा इथं काही संबंध नाही. पालव हे आमचं गावठी नाव साहेबाच्या जिभेवर जाऊन अपोलो झालं आणि मग आम्हीच ते उलट शिकलो. आजोबा भात झोडून झालं की मुंबईला येत आणि पेरणीच्या आधी गावी परतत. काम एकच, साहेबाची होडी. पायऱ्यांपासून छोट्या होडीने वल्हवत साहेबाला मोठ्या होडीवर न्यायचं, शीड चढवायचं, नांगर काढायचा, आणि शर्यत असली की वाऱ्याच्या बाजूच्या काठावर जाऊन पाठ पाण्याबाहेर टाकून पडायचं, होडी उलटू नये म्हणून. ‘रेतीची पोती टाकायच्या जागी आम्हाला टाकायचे,’ असं ते हसून म्हणत. कप जिंकला तर साहेब बक्षीस द्यायचा. बक्षिसाची रक्कम ते दर वेळी वेगळी सांगत, त्यामुळे ती इथं देत नाही.

तो साहेब तुमच्या क्लबाचा होता की आणखी कुठला, हा वाद मला घालायचा नाही. आजोबांच्या लेखी पालव्यावरचे सगळे साहेब एकच.

आता तुमच्या इतिहासाकडे येतो. तो मी माझ्यापरीने वाचला आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. त्याची सुरुवात मी तुमच्यापेक्षाही मागे नेतो. ‘यॉट’ हा शब्द डचांचा. वेगाने पाठलाग करणारी होडी, असा त्याचा मूळ अर्थ. १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स परदेशातून गादीवर परत आला, तेव्हा डचांनी त्याला ‘मेरी’ नावाची एक यॉट भेट दिली आणि इंग्रज राजघराण्याला या खेळाचं वेड लागलं. पुढच्याच वर्षी राजा आणि त्याचा भाऊ यांनी थेम्स नदीत शंभर पौंडांची पैज लावून शर्यत केली. आणि गंमत अशी, की त्याच १६६१ साली त्याच राजाच्या लग्नाचा करार झाला, ज्यात पोर्तुगिजांनी हुंड्यात मुंबई बेट लिहून दिलं. म्हणजे साहेबाच्या घरात यॉट आणि मुंबई एकाच सुमारास आली. यॉटचा नाद टिकला, मुंबईचा नाही. १६६८ मध्ये त्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकलं. पैजेच्या दशांशावर!

तुमचा क्लब १८४६ चा. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुटली त्याच्या सात वर्षं आधीचा, मुंबई विद्यापीठाच्या अकरा वर्षं आधीचा. जगातल्या नावाजलेल्या यॉट क्लबांमध्ये न्यू यॉर्कचा क्लब १८४४ चा, तुमच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठा. ‘अमेरिका’ नावाच्या ज्या होडीवरून ‘अमेरिकाज कप’ या शर्यतींच्या प्रसिद्ध कपाला नाव पडलं, तिने ती शर्यत जिंकली १८५१ साली. तेव्हा इथं क्लब पाच वर्षांचा होता. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ‘रॉयल’ बहाल केलं. १८८१ मध्ये पाण्याला लागून क्लबहाउस झालं, आणि १८९६ मध्ये रस्त्याच्या अलीकडं सभासदांना राहण्यासाठी जॉन अॅडम्स यांनी आखलेली ती दुसरी इमारत, जिच्यात तुम्ही आज आहात. हे सगळं होईपर्यंत ताज उभं राहिलेलं नव्हतं. ते १९०३ चं. गेटवेचा तर पत्ताच नव्हता. पंचम जॉर्ज १९११ मध्ये उतरला तेव्हा पुठ्ठ्याची कमान होती म्हणतात, आणि दगडाची खरी कमान उघडली ती १९२४ मध्ये. लोकांना वाटतं गेटवेसमोर यॉट क्लब आहे. वयाचा हिशेब धरला तर यॉट क्लबासमोर गेटवे आहे.

इतका मानाचा इतिहास, पण त्यात एक खोली अशी आहे जिचं दार लोक सांगताना पटकन ओढून घेतात. इंग्रजी अमदानीत हिंदी माणसाला तुमच्याकडे सभासदत्व नव्हतं. मुंबईत एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी काही हिंदी राजेरजवाड्यांना पाहुणे म्हणून तुमच्या क्लबात नेलं आणि त्यांना प्रवेश नाकारला गेला. मग चिडून त्यांनी १९१७-१८ च्या सुमारास विलिंग्डन क्लब काढला, गोऱ्या-काळ्यांसाठी सारखा. गोष्टीचा तपशील कितपत तिखटमीठ लावलेला आहे कोण जाणे, विलिंग्डन क्लब मात्र ताडदेवच्या बाजूला आजही आहे. मला त्या गोष्टीत नेहमी एक वेगळीच गोष्ट दिसते. राजाला दारातून परत पाठवलं त्या दिवशीही पायऱ्यांशी छोटी होडी घेऊन कुणीतरी हिंदी माणूस उभा असणारच. महाराजांना बंदी होती, खलाशाला नव्हती. खलाशावाचून होडी पाण्यात जात नव्हती.

माफीबिफी मला नको आहे. आजच्या समितीत त्या काळातलं कोण आहे, आणि माफीच्या कागदाचं आम्ही काय करणार? नाव बदला म्हणणाराही मी नाही. ‘रॉयल’ असू द्या, ‘बॉम्बे’ही असू द्या. नाहीतरी तुमच्या पत्त्याने आपल्या परीने उत्तर दिलेलंच आहे. ज्याने मराठ्यांचं आरमार उभं केलं त्या शिवाजी महाराजांच्या नावाच्या मार्गावर तुम्ही राहता, आणि त्यांचा घोड्यावरचा पुतळा १९६१ पासून तुमच्या दारासमोर आहे.

तुमच्या शताब्दीचं वर्षही बघा कोणतं आलं, १९४६. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नौदलाच्या ‘तलवार’ या तळावरच्या नाविकांनी संप पुकारला आणि बघता बघता बंदरातल्या जहाजांवर तो पसरला. जहाजांवरची रसद तोडली तेव्हा मुंबईची माणसं जेवणाची पाकिटं, फळं, जे हाताला लागेल ते घेऊन गेटवेवर आली आणि होड्यांतून जहाजांवर पोचवू लागली. आजोबा तेव्हा इथंच होते. त्या दिवशी त्यांनी कुठली होडी वल्हवली हे त्यांनी मला कधीच नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, ‘होडी कुणाची का असेना, केळी चांगली होती.’

दोन वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची, त्याच कमानीतून बाहेर पडली. त्याच वर्षी तुम्हीही पाण्यालगतचं क्लबहाउस सोडून रस्त्याच्या या बाजूला, राहण्याच्या इमारतीत आलात. रिकाम्या झालेल्या जागेत पुढं जे घडलं ते तुमच्या इतिहासाचं मला सर्वांत आवडणारं पान आहे, जरी ते तुम्ही लिहिलेलं नाही. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४९ मध्ये पेडर रोडवरच्या बंगल्यातून तिथं आली आणि १९६२ मध्ये कुलाब्याला स्वतःची वास्तू होईपर्यंत तिथंच राहिली. जिथं संध्याकाळी गार पेयांचे ग्लास किणकिणायचे, तिथं विश्वकिरणांवर आणि गणितावर चर्चा व्हायला लागल्या. अणुऊर्जा खात्यातली जुनी माणसं अजून त्या जागेला ‘ओवायसी’ म्हणतात, ओल्ड यॉट क्लब. देशाचा अणुकार्यक्रम वयात आला तो एका नौकाक्लबाच्या पत्त्यावर. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य असायला हवं होतं, निदान मुंबईच्या मुलांच्या.

खेळाचीही पानं आहेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला सोली काँट्रॅक्टर आणि बासिथ ही जोडी ‘फ्लाइंग डचमन’ या प्रकारच्या होडीवर उतरली, शिडाच्या शर्यतींत भारत तेव्हा पहिल्यांदा ऑलिंपिकला दिसला. १९८२ चं एशियाड दिल्लीत होतं, पण दिल्लीत समुद्र कुठून आणणार? शिडाच्या शर्यती आमच्या या मुंबईच्या पाण्यात झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. अलीकडं विष्णू सरवणन, नेत्रा कुमनन यांची नावं ऑलिंपिकच्या निमित्ताने ऐकतो. सरवणन यांचा सराव कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये, म्हणजे लाँचवरून दिसणाऱ्या याच पाण्यात.

आणि ‘म्हादेई’! तिला विसरून शिडाच्या होडीबद्दल मराठीत कसं लिहायचं? फलटणजवळच्या विंचुर्णीचे दिवंगत व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या डोक्यातली कल्पना, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होडी, मांडवी नदीचं मूळ नाव, आणि सुकाणूवर कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये जगाची फेरी पुरी करून मुंबईलाच परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला गेटवेवरून निघाले, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता फिरून आले, आणि ६ एप्रिल २०१३ ला त्यांचं स्वागत करायला राष्ट्रपती गेटवेवर आले. त्या दिवशी आमची लाँच उशिरा सुटली. कुणी कुरकुर केली नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तिकडं येतो. तुमचा एवढा इतिहास वाचताना मला राण्या भेटल्या, गव्हर्नर भेटले, वास्तुरचनाकार भेटला, शास्त्रज्ञ भेटले, पदकविजेते भेटले. पण माझे आजोबा, किंवा त्यांच्यासारखा एकही माणूस, मला नावानिशी भेटला नाही. तांडेल म्हणजे खलाशांचे म्होरके, खलाशी, धक्क्यावर होड्या ओढणारे, डोलकाठीला तेल लावणारे, पावसाच्या आधी होड्या वर काढून शिडं सुकवून घड्या घालणारे. त्यांच्याशिवाय एकही शर्यत झाली नसती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण तुम्ही समुद्रावर जाणारी माणसं आहात. आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षं म्हणजे काही थोडी माणसं नव्हेत.

त्यांचं काही राहिलं असेल तर ते शब्दांत राहिलं आहे. तुम्ही, आणि जगातले सगळे यॉट क्लब, ज्या छोट्या होडीला ‘डिंगी’ म्हणता तो शब्द आपल्याकडचा. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ‘टिंडल’ येतो तो आमचा तांडेल. ‘ग्रॅब’ म्हणजे गुराब हे लढाऊ जहाज, ‘गॅलिव्हॅट’ म्हणजे गलबत, ‘बंडर’ म्हणजे बंदर. उलट दिशेनेही शब्द आले. आजोबा होडीवर नसतानाही, अगदी घरात माळ्यावर पोतं चढवताना, ‘हबेस!’ म्हणून ओरडत. हबेस म्हणजे वर खेच. आणि ‘आर्या!’ म्हणजे सोड, सैल कर, खाली घे. हा आर्या पोर्तुगिजांच्या ‘अरियार’वरून आलेला. आजही कुठल्याही गोदीत क्रेनखाली उभा राहा, हेच दोन शब्द ऐकू येतील. जहाजावरचे लस्कर म्हणजे खलाशी, आणि त्यांचे मुकादम सारंग, तांडेल यांनी मराठी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज, गुजराती एकत्र मळून एक भाषा केली आणि साहेबांची शिडं त्या भाषेत चढली-उतरली. साहेब इंग्रजीत हुकूम देत असतील. शिडाला मात्र ‘हबेस’ कळायचं.

समुद्राची त्यांची जाणही या मातीतली. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो, उन्हं चढली की पडतो, मग दुपारी जमीन तापून हवा वर गेली की समुद्राकडून खारा वारा भरू लागतो. तुमच्या शर्यती दुपारी का असतात, हे मला हवामानशास्त्राच्या पुस्तकातून समजलं त्याच्या कितीतरी आधी आजोबांकडून समजलं होतं. ‘वारा बाराला जेवतो, दोनाला उठतो.’ उधाणाच्या दिवसांत आपल्या बंदरात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आणि ते कुठल्या वेळी कुठल्या खडकाभोवती कसं ओढतं, हे कुठल्याही नकाशाआधी त्यांच्या अंगात असायचं. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर शिवाजी महाराजांनी तटबंदीचं काम काढलं, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली होती आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वाऱ्या-ओहोटीचा अंदाज घेत, वल्ही मारत, त्यांच्या नाकाखालून रसद पोचवून येत. त्याच खांदेरीला आता जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या होड्या वल्हवणाऱ्यांच्या पणतू-खापरपणतूंनी पुढं इंग्रजांच्या शर्यतींच्या होड्या वल्हवल्या असतील, असा एक विचार मी लाँचवर बसून कितीदा तरी केला आहे. पुरावा नाही. पण गावं तीच आहेत.

नाव राहण्याचं मोल ज्याला कळलं होतं असा एक माणूस या बंदरात होऊन गेला. वाडियांच्या घराण्यातले जमशेटजी बमनजी. मुंबईच्या गोदीत त्यांनी बांधलेली ‘ट्रिंकमली’ ही १८१७ ची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटातल्या तुळईवर, सहजासहजी दिसणार नाही अशा जागी, त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं, आणि सोबत एक शिवीही, साहेबाच्याच भाषेत. बऱ्याच वर्षांनी दुरुस्ती करताना ते सापडलं. जमशेटजींच्या हातात छिन्नी होती. खलाशाच्या हातात दोर होता, आणि दोरावर काही कोरता येत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. कुठल्याही जुन्या क्लबात भिंतीवर सोनेरी अक्षरांचे लाकडी फळे असतात, अध्यक्षांचे, कप जिंकणाऱ्यांचे. तुमच्याकडे एक फळा तांडेल आणि खलाशांचा लावा. जुन्या पगाराच्या वह्या असतील, धोब्याच्या हिशेबाच्या वह्यांसारख्या कुठल्यातरी कपाटाच्या तळाशी पडलेल्या असतील. त्यांत ‘टिंडल अमुक’, ‘लस्कर तमुक’ अशी, इंग्रजी लेखणीने चेपलेली नावं मिळतील. ती सरळ करून घ्यायला रेवस, करंजा, उरण, कुलाबा कोळीवाडा, दाभोळ, हर्णै इथली माणसं मदत करतील. नाव वाचल्यावर कुठल्या घरातलं ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. वह्या नसतील, तर निवृत्त झालेल्यांपासून सुरुवात करा. त्यांना बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या आणि बोलू द्या. कुणाच्या तरी नातवाला मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. फोटो असतीलच, साहेबाच्या मागे, शिडाच्या सावलीत उभी असलेली दोन-तीन माणसं. त्या फोटोंखालच्या ओळीत आजवर साहेब आणि होडी यांचीच नावं लिहिली गेली असतील तर ओळ थोडी वाढवा. जागा असते.

आणि हे सगळं मराठीतही छापा. चार पानी पुस्तिका चालेल. गेटवेवर रोज हजारो माणसं येतात, तुमच्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढतात आणि ती चर्च आहे, कॉलेज आहे की पोलिसांचं ऑफिस आहे यावर वाद घालतात. (पोलिसांचं मुख्यालय जवळच, जुन्या सेलर्स होममध्ये आहे, म्हणजे तेही एके काळी खलाशांचंच घर, पण गोऱ्या खलाशांचं.) यॉट म्हणजे श्रीमंतांची चैन, एवढंच त्यांना ठाऊक असतं. ती चैन नाही असं मी म्हणत नाही. आहेच. पण तिच्या दोराला ज्यांचे हात लागले ते हात आमच्या घरातले होते, हे कळलं तर कोळीवाड्यातला एखादा पोरगा त्या शिडाकडं वेगळ्या नजरेने बघेल. कदाचित चढेलही. वारा त्याच्या ओळखीचा असतो, त्याला फक्त होडी मिळत नाही. हंगामाच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी अशा पाच-दहा पोरांना पाण्यावर नेलंत तर फार छान. तुम्ही आधीच असं काही करत असाल तर मला माहीत नसल्याबद्दल क्षमा करा आणि पुढच्या खेपेला गेटवेवर एक पाटी लावा.

२०४६ साली आपल्याला दोनशे वर्षं होतील. मोठा समारंभ होईल, टपाल तिकीट निघेल, मंत्री येतील. त्याला अजून वीसेक वर्षं आहेत, असं वाटून काम पुढं ढकलू नका. ज्यांना विचारायचं ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या वाडीतले शेवटचे, ज्यांना ‘साहेबाची होडी’ आठवत होती, ते दोन वर्षांपूर्वी गेले. मी पेन घेऊन बसायचं बसायचं म्हणत राहिलो. चूक माझीही आहे.

आजोबांची एकच वस्तू माझ्याकडं आहे. सव्वा हात लांबीचा सुती दोर, आता पिवळा पडलेला. मी कॉलेजात असताना एकदा त्यांनी त्याला गाठ मारून दाखवली होती. ओढली की पक्की, पण फास आवळत नाही, आणि सोडायची म्हटली तर एका बोटाचं काम. तिला इंग्रजीत बोलाइन म्हणतात हे मला खूप उशिरा कळलं. आजोबा तिला काहीच म्हणत नसत, नुसती ‘गाठ’ म्हणत, बाकीच्या गाठी त्यांच्या लेखी गाठी नव्हत्याच. ती मी अजून सोडलेली नाही. फळा लागेल त्या दिवशी घेऊन येईन. आत यायला पास लागतो का, आणि टाय घालावा लागतो का, तेवढं कळवावं.

आपला,
मांडवा लाँचचा एक जुना प्रवासी